बिलावर एकच माणूस

बँकेतल्या बाई आल्या त्या दिवशी आमचं पुठ्ठा चिकटवायचं मशीन बंद पडलं होतं, म्हणून मला वेळ होता. नाहीतर चहा पाजून मी त्यांना वाटेला लावलं असतं. सांगलीजवळ कुपवाडला माझा खोक्यांचा कारखाना आहे. मोठा नाही. तासगावचे बेदाण्याचे व्यापारी, जावळी-वाईकडचे स्ट्रॉबेरीवाले, एकदोन बेकरीवाले, एवढ्यांची खोकी आम्ही करतो.

बाईंनी टेबलावर एक गुळगुळीत कागद ठेवला. छोट्या धंदेवाल्यांसाठी हॉटेलांचं क्रेडिट कार्ड. हॉटेलांची एक मोठी साखळी आणि बँक, दोघांनी मिळून काढलेलं. कार्डावर खर्च करायचा, पॉइंट साठवायचे आणि त्या पॉइंटांवर त्याच साखळीतल्या हॉटेलांत फुकट राहायचं.

"सर, धंद्यासाठी फिरणं किती होतं तुमचं?"

"पूर्वी लय होतं. आता कमी केलंय."

"का बरं?"

"वय झालं," मी म्हणालो. ते खरं नव्हतं.

त्या बोलत राहिल्या. वर्षाला एक रात्र फुकट. सकाळचा नाश्ता फुकट. दुपारपर्यंत खोली सोडली नाही तरी चालेल. मी मान हलवत होतो, लक्ष मशीनवाल्याच्या फोनकडे होतं. मग त्या म्हणाल्या, "आणि सर, तुमच्या माणसांसाठी घेतलेल्या खोल्यांचे पॉइंटसुद्धा तुमच्याच खात्यात. मॅनेजर असू दे, सेल्समन असू दे, ड्रायव्हर असू दे."

मी कागद उचलून ड्रॉवरमध्ये टाकला. "मुलीला दाखवतो," म्हणालो.

माझी मुलगी चार वर्षांपूर्वी पुण्यातली नोकरी सोडून धंद्यात आली. ती आल्यापासून कारखान्यात आवाज कमी आणि शिस्त जास्त झाली. तिला मी तो कागद दाखवायचं विसरलो, म्हणजे विसरायचं ठरवलं, पण आठवड्याने तिला तो ड्रॉवरमध्ये सापडला.

"पप्पा, कार्ड चांगलं की वाईट असं नसतं," ती म्हणाली. "आपल्याला बसतं का ते बघायचं. आपण कुठं उतरतो, किती रात्री, आणि तिथं त्यांचं हॉटेल आहे का? मागची सगळी बिलं काढा."

रविवारी दुपारी आम्ही ऑफिसात बसलो. कपाटाच्या वरच्या फळीवरून मी जुन्या फायली काढल्या. ती लॅपटॉपवर आकडे भरत होती आणि मी बिलं एकेक करून वाचून दाखवत होतो. गाव, किती रात्री, किती माणसं. हैदराबाद, दोन रात्री, व्यक्ती एक. इंदूर, एक रात्र, व्यक्ती एक. सुरत, व्यक्ती एक. पुन्हा हैदराबाद. तिनं मधेच कागदावरचं बारीक अक्षर वाचलं आणि चष्मा डोक्यावर सरकवला. "फुकटची रात्र सणासुदीला मिळत नाही. पॉइंट वापरले नाहीत तर बाद होतात. आणि वर्षाची फी सुटायला आपल्या रात्री कमी पडताहेत. थोड्याच, पण पडताहेत."

"मग राहू दे."

"थांबा की. फौजीकाकांच्या खोलीची बिलं वेगळ्या फाइलीत आहेत का? ती धरली तर सहज बसेल."

मी हातातलं बिल खाली ठेवलं.

"त्यांची बिलं नाहीत."

"हरवली?"

"नाहीत म्हणजे नाहीत."

तिचं बोट लॅपटॉपच्या बटणावर तसंच राहिलं. ती हुशार आहे, तिला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. तरी तिनं विचारलं, "मग ते झोपायचे कुठं?"

"गाडीत," मी म्हणालो.

फौजी माझ्याकडे चौदा वर्षं गाडीवर होता. मेढ्याजवळच्या एका वाडीचा. सैन्यात सतरा वर्षं मोठ्या गाड्या चालवून हवालदार म्हणून घरी आला आणि सहा महिन्यांतच कंटाळून नोकरी शोधायला लागला. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी थोरला. मी त्याला फौजी म्हणायचो, तो मला मालक. सांगलीत कारखान्याच्या मागच्या खोलीत राहायचा आणि तीन-चार महिन्यांतून एकदा चार दिवस गावी जायचा.

आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत माझं जेवण व्हावं लागतं. पहिल्याच प्रवासात हे त्याला एकदा सांगितलं, पुन्हा कधी सांगायची वेळ आली नाही. पाच वाजले की त्याची नजर रस्त्याच्या कडेला फिरायची. सावली, पाणी आणि बसायला धड जागा, तिन्ही एकत्र दिसलं की गाडी थांबायची. "मालक, डबा काढा. सूर्य अजून हातभर वर हाय." मी जेवत असताना तो गाडीला टेकून बिडी ओढायचा, वाऱ्याची दिशा बघून, धूर माझ्याकडे येणार नाही असा. तो स्वतः जेवायचा नंतर, धाब्यावर.

हॉटेलवर पोचलो की तो माझी बॅग रिसेप्शनपर्यंत आणायचा आणि म्हणायचा, "सकाळी साडेपाचला फोन करतो." मग मी लिफ्टने वर आणि तो गाडीकडे. हे कधी ठरवलं नव्हतं. सगळ्यांचे ड्रायव्हर गाडीतच झोपायचे. काही हॉटेलांत ड्रायव्हरांसाठी तळघरात खोली असायची, तिथं ढेकूण आणि डास, म्हणून तो तिथं जायचा नाही. सीट मागे पाडायची, पाय डॅशबोर्डवर, काचेत टॉवेल अडकवायचा म्हणजे दिव्याचा उजेड डोळ्यावर येत नाही. सकाळी मी पडदा सरकवला की खाली पार्किंगमध्ये काचेतला तो निळा टॉवेल दिसायचा. मग दार उघडायचं, तो उतरायचा, बाटलीतल्या पाण्यानं तोंड धुवायचा आणि गाडीभोवती चार-पाच फेऱ्या मारायचा. शेवटच्या दोन वर्षांत त्या फेऱ्या वाढल्या होत्या. उजवा पाय जरा ओढत चालायचा. मी वरून बघायचो. मला वाटायचं, व्यायाम करतोय.

छोट्या हॉटेलांत एका माणसालाही बहुतेक दोन पलंगांचीच खोली मिळते. दुसऱ्या पलंगावर मी खोक्यांचे नमुने मांडून ठेवायचो.

एकदाच मी त्याला वर बोलावलं. इंदूरला, डिसेंबरात. इतकी थंडी होती की मला खोलीतही मोजे काढवेनात. मी फोन केला, "फौजी, वर ये. इथं एक पलंग रिकामाच आहे." तो आला. चपला दाराबाहेर काढल्या. पलंगावर बसला नाही, खुर्चीच्या कडेवर बसला आणि खोली बघत राहिला. मी नमुने उचलायला लागलो, तेवढ्यात रिसेप्शनवरून फोन आला. "सर, तुमच्या खोलीत अजून एक गेस्ट आले आहेत का? दुसऱ्या व्यक्तीचा चार्ज लागेल आणि आधार कार्ड खाली पाठवावं लागेल."

चार्ज फार नव्हता. एक जेवण होईल एवढा. पण मी "हो" म्हणालो नाही. "नाही" पण म्हणालो नाही. फोन कानाला धरून गप्प राहिलो. का गप्प राहिलो हे मला आजही नीट सांगता येत नाही. पैशाचा विचार आला, खोटं कशाला बोलायचं. आणि रिसेप्शनवरच्या त्या पोराला काय सांगायचं, हा माझा कोण, हाही आला.

फौजी उठला. "राहू द्या मालक. गाडीत माल हाय, मला तितंच बरं." त्यानं हळू दार लावून घेतलं. मी फोनवर म्हणालो, "कोणी नाही." आणि नमुने पुन्हा पलंगावर मांडले.

सकाळी साडेपाचला त्याचा नेहमीसारखा फोन आला. खाली गेल्यावर मी त्याला खोलीतले न वापरलेले साबण, शाम्पूची पाकिटं, अंघोळीची प्लास्टिकची टोपी, चहाच्या पुड्या दिल्या. ते मी दर वेळी द्यायचो. त्यानं नेहमीसारखे खिशात टाकले. त्या रात्रीबद्दल तो कधी काही बोलला नाही, मीही नाही.

आमच्यात भाद्रपदात पर्युषण संपलं की सगळ्यांची क्षमा मागायची रीत आहे. मी दर वर्षी कारखान्यातल्या प्रत्येकाला हात जोडायचो. जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा. फौजी दर वर्षी हसायचा. "कशाबद्दल ओ मालक?" मी म्हणायचो, "असंच रे, रीत आहे."

दोन वर्षांपूर्वी पाय फार सुजला म्हणून तो गावी गेला. साताऱ्याच्या एका दवाखान्यात दाखवलं, गोळ्या घेतल्या, आणि आठवड्यानं सकाळी अंगणात पाणी भरताना खाली बसला तो उठला नाही. पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं म्हणे. फार वेळ बसून राहणाऱ्यांना होतं असं. मी दहाव्याला गेलो, गर्दीत बसलो आणि पाकीट देऊन परत आलो.

त्यानंतर हॉटेलात झोप लागेना. पहिल्यांदा हैदराबादला. पहाटे पाच पंचवीसला डोळे उघडले आणि फोन वाजायची वाट बघत पडून राहिलो. आपण कशाची वाट बघतोय हे कळेपर्यंत सहा वाजले. अंघोळ करून बाहेर आलो तर दुसऱ्या पलंगाच्या कडेला खळगा पडलेला, कुणीतरी बसून उठल्यासारखा. माझीच बॅग तिथं होती, मीच ती उचलली होती. मला माहीत होतं. तरी मी ओल्या अंगानं तसाच उभा राहिलो, आणि माझ्या तोंडून निघालं, "बस की रे." एकट्यानं, मोठ्यानं. मग माझी मलाच भीती वाटली. पडदा सरकवला तर खाली कुणाच्या तरी पांढऱ्या गाडीच्या काचेत टॉवेल अडकवलेला. तो निळा नव्हता. मी नाश्ता न करता निघालो. हळूहळू मी मुक्कामाची कामंच टाळायला लागलो. लोकांना सांगत होतो, वय झालं.

हे सगळं मी त्या रविवारी मुलीला सांगितलं नाही. "गाडीत" एवढंच सांगितलं. तिनं लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "सगळेच असं करतात, हे मला माहीत आहे. पण आपणही केलं हे माहीत नव्हतं."

जानेवारीत मेढ्याच्या एका स्ट्रॉबेरीवाल्याचं काम निघालं. दुसऱ्याला पाठवता आलं असतं. मी स्वतः गाडी चालवत गेलो आणि काम झाल्यावर फौजीच्या वाडीकडे वळलो. कशासाठी, ते ठरवलं नव्हतं.

वहिनी, म्हणजे फौजीची बायको, घरी एकट्याच होत्या. मुलगा सैन्यात, उत्तरेकडे कुठेतरी. त्यांनी मला लांबूनच ओळखलं, पदर सारखा केला, घोंगडं अंथरलं. "आवं, या की मालक. कवाधरनं वाट बघतोय आमी." दुपारचे तीन वाजले होते. त्यांनी विचारलं, "दिस मावळायच्या आत खाता न्हवं तुमी? आत्ताच भाकरी टाकते." म्हणजे त्यांना हे माहीत होतं. मला उगाचच बरं वाटलं.

पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून त्यांनी हॉटेलातली ती प्लास्टिकची अंघोळीची टोपी चढवली होती. माझी नजर तिकडे गेलेली पाहून त्या हसल्या. "त्येनी आनायचं. साबनं तर ट्रंकभर हायती. वापरवत न्हाईत आता." एक भाकरी माझ्या ताटात टाकून दुसरी थापता थापता त्या बोलायला लागल्या.

"तुमी लय केलंसा त्येंच्यासाठी. दुसरं मालक गाडीत झोपाय लावत्यात. ह्ये सांगायचं, आमचा मालक तसा न्हाई. एका खोलीत दोन पलंग, एकावर मालक, एकावर मी. पांढरी चादर, वर पंखा नको म्हनून ए.सी. मी म्हनायची, तुमी आसं कसं वो मालकाच्या शेजारी झोपता? तर म्हनायचं, आगं, त्योच झोप म्हनतो." त्या हसल्या. "तुमी झोपेत बोलता म्हनं. खोक्यांचं माप सांगता."

मी झोपेत बोलतो हे खरं आहे. माझ्या बायकोला माहीत आहे. फौजीला ते माहीत होतं, कारण दुपारी मी मागच्या सीटवर झोपायचो.

"पहाटं उठून जप करता, ते बी सांगायचं. मालक उठलं की मला बी जाग येती म्हनायचं." तेही खरं होतं, पण ते गाडीतलं, लवकर निघायचो तेव्हाचं. त्यानं गाडीतलं सगळं उचलून खोलीत नेलं होतं. एकही गोष्ट पूर्ण खोटी नव्हती.

"एक इचारू का?" त्या म्हणाल्या. "त्या खोलीतनं भायेर काय दिसायचं? हे म्हनायचं, लय उंचावर असतीया खिडकी."

"पार्किंग," मी म्हणालो. "गाडी दिसायची."

"व्हय, त्येंचा जीव गाडीतच," त्या म्हणाल्या आणि तव्यावरची भाकरी उलटली.

मी तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण त्या पुढे बोलल्या, सहज, जसं हवापाण्याचं बोलावं तसं. "त्या दवाखान्यात डाक्टरनं इचारलं त्येना, बसून झोपायची सवय हाय का, गाडीत बिडीत? मी शेजारीच हुते. ह्येनी म्हनलं, न्हाई साहेब, आमी हाटेलात झोपतो, पलंगावर. डाक्टरनं मान हलवली आन् गोळ्या लिवल्या."

ताटातली भाकरी मी कशी संपवली मला आठवत नाही. डॉक्टरला खरं सांगितलं असतं तर काही वेगळं झालं असतं का, हे मी नंतर आमच्या ओळखीच्या डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, कदाचित हो, कदाचित नाही, अशा गोष्टी मागून सांगता येत नाहीत. फौजीनं बायकोसमोर माझी अब्रू राखली की स्वतःची, हेही मला कळत नाही. दोन्ही असेल.

परत आल्यावर या वेळी मी मुलीला सगळं सांगितलं. इंदूरचा फोनसुद्धा. मला वाटलं होतं ती म्हणेल, पप्पा, जाऊ दे. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगा."

"त्यांचं मन मोडेल."

"मग त्यांना खोट्यातच ठेवायचं? त्या तुम्हाला देवमाणूस समजतात आणि तुम्ही जेवून येता."

त्याच आठवड्यात तिनं बँकेच्या बाईंना बोलावलं आणि कार्ड घेतलं. मला विचारलं नाही. एक नियम केला, मुक्काम असेल तर ड्रायव्हरची खोली वेगळी, बिल कंपनीचं. नियम कागदावर टाइप करून ऑफिसात लावला. आता गाडीवर आटपाडीचा एक चाळिशीचा माणूस आहे. पहिल्या प्रवासात रिसेप्शनवर त्याच्या हातात खोली उघडायचं कार्ड दिलं तर तो मागे सरला. "पगारातनं कापनार का सायब?" नाही म्हटल्यावरही त्याचा विश्वास बसेना. रात्री दोनदा त्यानं मला फोन करून विचारलं, दिवे कसे बंद करायचे, आणि पाण्याची बाटली घेतली तर पैसे पडतात का. पॉइंट भराभर साठायला लागले. मुलीचा हिशेब बरोबर होता, दोन खोल्या धरल्या की कार्ड फायद्यात जातं. चौदा वर्षं मी तोच खर्च वाचवत होतो.

माझी झोप मात्र परत आली नाही. आता मी एक पलंगाची खोली मागतो. मिळाली तरी पहाटे जाग येते आणि खोलीत कुणीतरी चपला बाहेर काढून खुर्चीच्या कडेवर बसलंय असं वाटत राहतं. बोलत नाही. खोली बघत बसलेलं असतं.

भाद्रपदात पर्युषण संपलं. कारखान्यात सगळ्यांपुढे हात जोडून झाले. दुसऱ्या दिवशी मी मेढ्याची वाट धरली. मुलगी येते म्हणाली, मी नको म्हणालो.

वहिनी अंगणात घेवडा निवडत बसल्या होत्या. मी समोर बसलो. चहाला नको म्हणालो. त्या काही विचारायच्या आत बोलून टाकलं.

"वहिनी, फौजी माझ्या खोलीत कधी झोपला नाही. तो गाडीत झोपायचा."

त्यांचे हात थांबले नाहीत. दोन-तीन शेंगा निवडून झाल्या. मग त्यांनी वर बघितलं.

"कवाच न्हाई?"

"कधीच नाही. एकदा बोलावलं होतं, पण..." मी इंदूरचं सांगितलं. फोन, गप्प बसणं, सगळं.

"पावसात बी?"

"हो."

"थंडीत बी गाडीतच?"

"हो."

"आन् तुमी वर."

"हो वहिनी."

"मग ती साबनं?"

"माझ्या खोलीतली. मी सकाळी आणून द्यायचो."

त्यांनी सूप बाजूला सारलं. मला वाटलं रडतील. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, मी त्याच तयारीनं गेलो होतो. त्या रडल्या नाहीत. पलीकडच्या डोंगराकडे बघत बसल्या.

"आता कशापायी सांगितलंसा?"

"मनावर ओझं होतं."

"तुमच्या मनावर व्हतं. आता माझ्या मनावर ठिवलंसा." आवाज चढला नव्हता. "माझ्याजवळ काय व्हतं ओ त्येंचं? सतरा वर्सं सैन्यात, चौदा वर्सं तुमच्या गाडीत. हितं वरसातनं धा-पंधरा दिस. राती जाग आली की मी म्हनायची, आता ते पांढऱ्या चादरीवर पाय पसरून पडलं असतील. तेवढंच माझं व्हतं. ते बी तुमी नेलंसा."

मी क्षमा मागितली. हात जोडले, शब्द उच्चारले, जे दर वर्षी उच्चारतो ते. त्या ऐकत होत्या की नाही कळलं नाही. थोड्या वेळानं उठून आत गेल्या. मी तसाच बसून राहिलो. आतून भांड्याचा आवाज आला, त्या पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "उजेड हाय तंवर निघा. वाटंत धुकं उतरतंय."

सांगलीत आल्यावर मुलीनं तोंडाकडे बघूनच ओळखलं. "काय म्हणाल्या?" मी त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. ती खाली बसली. "मी सांगा म्हणायला नको होतं का?" तिनं विचारलं. मी म्हणालो, मला माहीत नाही. पुष्कळ दिवस आम्ही दोघं जेवताना त्यावर बोललो, आणि दर वेळी तिथंच येऊन थांबलो.

मी वहिनींना दोनदा फोन केला. उचलला नाही. तिसऱ्यांदा करायच्या आधी एका सकाळी मलाच फोन आला. त्यांच्या मुलाचा होता, त्याच्या छावणीतून. मागे वारा आणि गाड्यांचा आवाज येत होता. त्याचा आवाज बापासारखा आहे हे मला माहीत नव्हतं.

"काका, आईनं सांगितलं सगळं," तो म्हणाला. तो माझ्याशी शुद्ध बोलत होता, सैन्यातली पोरं बोलतात तसं, तोलून. "मला राग नाही असं म्हणणार नाही. पण बाबांनी ते स्वतःच्या मर्जीनं सांगितलं होतं, त्यात तुमचा हात नाही. आईचं वेगळं आहे. तिनं ती टोपी, ते साबण, सगळं उचलून ठेवलंय. बोलत नाही फार. मी सुट्टीवर आलो की तिच्याशी बोलेन. तोवर तुम्ही फोन करू नका. येऊही नका."

"तोवर म्हणजे किती दिवस रे?" मी विचारलं.

"ते मी कसं सांगू काका?" तो म्हणाला. "तिला वाटेल तेव्हा मी कळवीन."

मी बरं म्हणालो. दिवाळीत त्याची सुट्टी होती असं मेढ्याच्या स्ट्रॉबेरीवाल्याकडून कळलं. तो येऊन गेला. त्याचा फोन अजून आलेला नाही.